इंजिनिअरिंग सोडायचंय, पण कॉलेज म्हणतं तीन वर्षांची फी भरा

प्रश्न: मॅडम, मी साताऱ्याची, पुण्याजवळच्या एका खाजगी कॉलेजात मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सेमनंतरच कळलं की हे आपलं काम नाही, जूनमध्ये बीए सायकॉलॉजीला जायचंय. ऑफिसवाले म्हणतायत उरलेल्या तीन वर्षांची फी भरा, मगच टीसी आणि ओरिजिनल्स मिळतील. ॲडमिशनला बॉन्डवर माझी आणि पप्पांची सही घेतलीय, तेव्हा मी 17 ची होते.

उत्तर: अगं, आधी एक सांग, कॉलेजला जायचं बंद तर केलं नाहीस ना? कारण बरीच मुलं तेच करतात, हॉस्टेलवरून बॅग उचलून घरी येतात आणि मग कागदोपत्री ॲडमिशन चालूच राहते आणि फीची बाकी वाढत जाते. ॲडमिशन कॅन्सल करायचा लेखी अर्ज दे, इनवर्डला देऊन पोच घे, घेत नसतील तर स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठव.

तुझी मार्कशीट म्हणजे काही गहाण टाकलेला दागिना नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ऑक्टोबर 2018 मध्येच सांगून टाकलंय की ओरिजिनल्स तपासून लगेच परत द्यायची, अडवून ठेवायची नाहीत, आणि इंजिनिअरिंग कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईचाही नियम आहे की ॲडमिशन कधीही कॅन्सल केली तरी पुढच्या वर्षांची फी मागायची नाही. गंमत म्हणजे पक्षकाराने फी बुडवली तरी आम्हा वकिलांनासुद्धा त्याची कागदं अडवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच तसं सांगितलंय (काहींना ते अजून पचलेलं नाही).

या वर्षाची फी मात्र विसर. प्रवेशाची शेवटची तारीख उलटल्यावर 15 दिवसांत सोडलं तर 80 टक्के परत, 30 दिवसांत 50 टक्के, पुढे शून्य. डिपॉझिट तेवढं माग.

आता बॉन्ड, खरी गाठ इथे आहे. कॉलेजचा वकील 2003 चा इस्लामिक अकॅडमीचा निकाल काढणार, त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की फी एका वेळी एकाच वर्षाची घ्यायची, पण पोरगं मध्येच सोडून जाईल अशी भीती असेल तर उरलेल्या फीसाठी बॉन्ड घेता येईल. त्यामुळे बॉन्ड घेतला हेच बेकायदा असं कोणी सांगत असेल तर ऐकू नकोस. पण तू सही केलीस तेव्हा कायद्याच्या भाषेत अज्ञान होतीस (राग मानू नकोस, अठराच्या खालच्यांना तसंच म्हणतात) आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे 1903 पासून ठरलेलं आहे. पप्पांचं तसं नाही, जामीनदार म्हणून सही असेल तर त्यांच्यावर दावा होऊ शकतो. तरी करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे बॉन्डमधला आकडा ही फक्त वरची मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई, आणि त्यासाठी कॉलेजने दिवाणी कोर्टात जायचं, तुझी बारावीची मार्कशीट कपाटात कोंडून बसायचं नाही.

अर्ज देऊनही हलले नाहीत तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. 2023 च्या यूजीसी नियमांप्रमाणे त्यांना 15 कामकाजाचे दिवस आहेत, तिथे नाही पटलं तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार टाकून ठेव. बऱ्याचदा लोकपालाचं नाव काढलं की क्लार्कचा सूर बदलतो. ग्राहक कोर्टात मात्र धावू नकोस, शिक्षण ही 'सेवा' नाही असं राष्ट्रीय आयोगाने 2020 मध्ये म्हटलंय, उगाच वर्ष जाईल. अगदीच अडलं तर हायकोर्टात रिट आहेच.

आणि सोडण्याआधी पहिल्या सेमची क्रेडिट्स तुझ्या एबीसी आयडीवर (म्हणजे क्रेडिट्स जमा होतात त्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यावर) चढलीत का बघ, सायकॉलॉजीला किती धरतील ते नवीन कॉलेज ठरवेल पण कमावलेली आहेत तर सोडायची कशाला.

बॉन्डची कॉपी पप्पांकडे असेल, तिचा फोटो पाठव. त्यांच्या सहीखाली 'पालक' लिहिलंय की 'जामीनदार', ते बघितल्याशिवाय मी नोटीस ड्राफ्ट करणार नाही.