सगळ्या सजीवांचे पूर्वज एकच, याला जीवशास्त्रात पुरावा काय?

जीवाश्म बाजूला ठेवले तरी पुरावा पेशीतच सापडतो. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतात. आपल्याला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारा ‘गुलो’ जनुक आपल्यात मोडक्या अवस्थेत नुसता पडून आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यातही तो मोडलेलाच, आणि बराचसा त्याच जागी! गिनिपिगचाही हा जनुक निकामी आहे, पण त्यातली मोडतोड बरीच निराळी. माणसात आणि या वानरांत तीच ती चूक योगायोगाने झाली, हे निदान मला तरी पटत नाही. ती वारशानेच आलेली. बाकी, जिवाणूपासून देवमाशापर्यंत जनुकीय संकेत, म्हणजे जनुकातली माहिती वाचून प्रथिनं बनवायची लिपी, जवळपास एकच, हे तर आहेच. म्हणून तर माणसाचं इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेता येतं.