मुंज, घेरा आणि जूनची शाळा

प्रश्न : मुलाला बारावं लागलंय. सासूबाईंना मुंज यंदाच उरकायची आहे, तीही घेरा ठेवूनच, म्हणजे मधे गोल केस राखून भोवतीचं डोकं भादरून. मुलगा म्हणतो, टक्कल केलंत तर शाळेतच जाणार नाही. आठवं टळल्यावर मुंज चालते का? आणि केसांचं काय करू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, वयाची काळजी सोडा. गर्भापासून आठवं वर्ष हा मुख्य काळ खरा, पण ब्राह्मणाला सोळापर्यंतची मुभा गृह्यसूत्रांनीच दिली आहे. उशिराबद्दल गुरुजी आधी प्रायश्चित्ताचा संकल्प सोडवतात. संपलं.

केसांचं म्हणाल, तर वपन, म्हणजे केस काढणं, हा विधीचा भाग आहे, घेरा ही हौस. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, गुरुजींकडून सांगवा. मुहूर्त एप्रिलअखेरचा धरा. शेंडी राखून बारीक मशीन फिरवलं, तर शाळा उघडेपर्यंत दीडेक सेंटीमीटर केस येतात, कुणी वळूनही पाहत नाही. तरीही तो अडून बसला, तर दर्भ धरून चार बटा कापा आणि पुढे चला. रडत पाटावर बसवलेल्या मुलाला पुढे वस्तराच आठवतो, मंत्र नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतोच. बटूच्या वडिलांना गायत्री येते का? उपदेश त्यांनीच करायचा असतो. शाल पांघरून, आधी एकेक पाद, मग अर्धी ऋचा, मग सबंध. तीन पाद, चोवीस अक्षरं. शालीखाली मोबाइलच्या उजेडात वाचून दाखवणारे वडील मी बरेच पाहिलेत, आणि शालीत डोकं खुपसणारे फोटोग्राफरही! यजमानांना आजपासूनच रोज संध्येला बसवा. बाप बसला तर मुलगा बसेल, नाहीतर सोडमुंजीबरोबर, म्हणजे मुंजीचं व्रत सोडताना, जानवंही खुंटीवर जातं.

भिक्षावळीत चॉकलेटं आली तर येऊ द्यात, पहिली भिक्षा तुमची आणि तांदळाचीच घाला.

मातृभोजनाचं केटररला आदल्या दिवशीच बजावून ठेवा. ते सकाळी लवकर असतं आणि कार्यालयात तोवर भाताचं आधणही चढलेलं नसतं. पुरणपोळीचा आग्रह नको, त्याला आवडतं ते वाढा. एका ताटात तुम्ही मायलेकांनी जेवायचंय.