विचारा, सांगतो : निखारे, जाळी आणि मांस

प्रश्न : कोळशाच्या ग्रिलवर तंगडी बाहेरून काळी पडते आणि हाडाजवळ कच्ची राहते. आच कमी केली तर ती वातड होते. काय करावं? (वाचक, धरमपेठ)

उत्तर : तुमचे निखारे जाळीखाली सगळीकडे सारखे पसरलेले असणार. तंगडीसारख्या जाड तुकड्याला दोन प्रकारची धग लागते, म्हणून सगळे निखारे एका बाजूला सारा आणि दुसरी बाजू रिकामी ठेवा. किलोभर तंगड्यांना साधारण दीड किलो लाकडी कोळसा पुरतो. पेटवल्यावर 20-25 मिनिटं थांबा. कोळशावर राखेचा करडा थर आला की तो तयार झाला. काळा कोळसा धुरकट असतो आणि तो वास मांसात उतरतो. रॉकेलचा वास तर जातच नाही, त्यामुळे कोळसा कागद किंवा काटक्यांनीच पेटवा.

तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्या. आधी ती रिकाम्या बाजूला ठेवून झाकण लावा. झाकणाची झडप तंगडीच्या वर उघडी राहू द्या, म्हणजे गरम हवा तिच्यावरूनच बाहेर जाते. झाकण नसेल तर मोठं पातेलं पालथं घाला, कडेला थोडी फट ठेवून. अर्ध्या तासात, मध्ये एकदा उलटून, ती आतपर्यंत शिजते. मग निखाऱ्यांवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं फिरवा, खरपूसपणा तेवढ्यात येतो. मांसाच्या रंगावर विसंबू नका, कारण शिजलेल्या तंगडीतही हाडाजवळ लालसर छटा राहू शकते. सुईचा तापमापक हाडाला न टेकवता खोल घाला. 74 अंशाला चिकन खाण्यास सुरक्षित होतं, पण तंगडी 80 च्या पुढे खरी मऊ होते.

चरबी ठिबकून भडका उडाला तर पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते. तंगडी बाजूला घ्या आणि झाकण लावा.

प्रश्न : गॅस ग्रिलवर सावजी मसाल्याचं मटण भाजलं. मसाला कडू झाला आणि मटण चिवट. (वाचक, महाल)

उत्तर : सावजी मसाला आधीच गडद भाजलेला असतो. रश्शात तेल-पाणी त्याला सांभाळतं, पण उघड्या आचेवर तो दुसऱ्यांदा भाजला जातो आणि करपतो. म्हणून मुरवताना किलोला आलं-लसूण, अर्धी वाटी दही, दोन चमचे मीठ आणि दोन मोठे चमचे तेल एवढंच लावा. सावजी मसाला थोड्या तेलात कालवून ठेवा आणि शेवटच्या दोन मिनिटांत ब्रशने फिरवा. सावजीची चव भाजणीवर जपायची तर हाच मार्ग आम्हाला पटतो.

मटणाचे तुकडे रानाचे, तीन सेंटिमीटरचे घ्या. सालीसकट वाटलेली कच्ची पपई किलोला एक मोठा चमचा, दोन ते तीन तास, फ्रिजमध्येच. नागपूरच्या मे महिन्यात मांस ओट्यावर ठेवणं धोक्याचं आहे. पपई रात्रभर राहिली तर वरचा थर पिठासारखा भुसभुशीत होतो, आणि सळईवरून तुकडे गळतात. कारण भाजताना मांस तापतं तेव्हा पपईचं काम आणखी जोरात चालतं.

ग्रिल झाकण लावून 10-15 मिनिटं तापवा, जाळी घासा, तेलात बुडवलेला अर्धा कांदा तिच्यावर फिरवा. एक बर्नर बंद ठेवा, म्हणजे भडका उडाल्यास तुकडे हलवायला जागा राहते. सिलिंडर जोडल्यावर सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पेटवू नका.

प्रश्न : पावसाळ्यात फ्लॅटच्या बंद बाल्कनीत कोळशाची शेगडी चालेल का? (वाचक, मनीषनगर)

उत्तर : अजिबात नाही. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि जीव घेतो. काचा थोड्या सरकवून भागत नाही. सोसायटीची परवानगी असेल तर उघडी गच्ची वापरा. ओलसर कोळसा फुटून ठिणग्या उडवतो, म्हणून उघडीप मिळताच तो उन्हात वाळवून बंद डब्यात भरा. काम झाल्यावर निखाऱ्यांवर भरपूर पाणी ओता, ढवळा आणि पुन्हा ओता. राख पूर्ण थंड झाल्याशिवाय कचऱ्याच्या प्लास्टिक बादलीत टाकू नका.