इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या ‘मार्केट टाउन’चा इतिहास सांगाल का? त्या गावांचे वेगळेपण नेमके कशात असते?

मी केंब्रिजला राहतो. तिथून रेल्वेने पाऊण तासावर सफक परगण्यात बरी सेंट एडमंड्स हे गाव आहे. गेली काही वर्षे बाजाराच्या दिवशी मी तिथे जातो, म्हणून त्याच गावाबद्दल सांगतो.

आधी शब्दाबद्दल. बाजार भरतो ते मार्केट टाउन, एवढाच अर्थ धरला तर निम्मा इतिहास हातून सुटतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बाजार भरवणे हा हक्क होता आणि त्याला मालक असे. राजाची सनद किंवा जुनी वहिवाट ज्याच्याकडे, तो जागेचे भाडे घेई, जकात घेई, वजनमापात लबाडी सापडली तर दंड करी. बरीत हा मालक होता मठ. त्यामुळे ‘बाजार कोणाचा?’ या एका भांडणाभोवती इथला पाचशे वर्षांचा इतिहास फिरतो.

मठ आला तो एडमंडमुळे. पूर्व अँग्लिया या पूर्व इंग्लंडमधल्या जुन्या राज्याच्या या राजाला ८६९ मध्ये डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या लोकांनी मारले. पुढे तो संत मानला गेला, त्याचे अवशेष इथे आणले गेले आणि यात्रेकरूंची रीघ लागली. १०२० मध्ये इथे बेनेडिक्टाइन भिक्षूंचा मठ स्थापन केला तो कॅन्यूट राजाने, आणि तो स्वतः डेन होता!

गाव वसवले मात्र बाल्डविन या मठाधिपतीने. हा फ्रान्सहून आलेला, राजवैद्य म्हणून नाव कमावलेला माणूस. आपल्याकडे पेठ वसवत तशी त्याने पेठ आखली: काटकोनात छेदणारे रस्ते, बाजारासाठी मोकळे चौक, आणि चर्चगेट स्ट्रीट तर थेट मठाच्या मंदिराच्या (चर्चच्या) मुख्य दाराच्या रेषेत. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत, लिहिले आहे की पूर्वी जिथे नांगर चालत होता त्या जमिनीवर आता ३४२ घरे उभी आहेत. रोटीवाले, बिअर गाळणारे, शिंपी, धोबिणी, चांभार, आचारी अशी मठाची कामे करणारी ७५ माणसेही त्यात मोजली आहेत. ती यादी वाचली की गाव कोणासाठी वसवले होते ते लगेच कळते.

माझा सर्वांत आवडता काळ सॅमसन या मठाधिपतीचा (११८२ ते १२११), कारण जोसेलिन नावाच्या तिथल्याच भिक्षूने त्याच्या बारीकसारीक हकिगती लिहून ठेवल्या आहेत. हर्बर्ट नावाच्या एका वयस्कर धर्माधिकाऱ्याने स्वतःची पवनचक्की उभारली. वारा सर्वांचा आहे आणि मी फक्त माझेच धान्य दळीन, असे त्याचे म्हणणे. सॅमसन इतका भडकला की ती चक्की पाडेपर्यंत अन्न घेणार नाही म्हणाला. त्याची भीती खरी होती: गावकरी त्या चक्कीवर दळायला जातील, मठाच्या दळणाचे उत्पन्न बुडेल, आणि ते स्वतंत्र नागरिक असल्याने त्यांना शिक्षाही करता येणार नाही. हर्बर्टने घाबरून चक्की स्वतःच उतरवली.

बाजाराच्या बाबतीत तर सॅमसन याहून कडक. एली इथल्या दुसऱ्या मठाच्या भिक्षूंनी राजाकडून सनद मिळवून लेकनहीथ या गावी नवा बाजार सुरू केला. त्याने आपल्या बाजाराला धक्का बसतो म्हणून सॅमसनने रात्री सुमारे ६०० हत्यारबंद माणसे पाठवली. त्यांनी खाटकांची दुकाने आणि विक्रीचे ओटे मोडले, गुरेमेंढ्या हाकलून नेल्या. दोन बाजार साधारण पावणेसात मैलांच्या आत नसावेत, असे पुढे तेराव्या शतकातल्या कायदेपंडितांनी लिहून ठेवले. हिशेब साधा होता: दिवसाची चाल वीस मैल, तिचा एक भाग जायला, एक खरेदी-विक्रीला, एक परतायला.

या सॅमसनबद्दल एक गोष्ट दडवून चालणार नाही. ११९० च्या पाम रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) गावात ५७ ज्यूंची कत्तल झाली, आणि त्याच वर्षी त्याने राजाची परवानगी घेऊन उरलेल्यांना गावाबाहेर काढले. ते वाचल्यापासून त्याच्या कर्तबगारीचे मला निखळ कौतुक करता येत नाही.

गावकऱ्यांना आपला कारभार आपल्या हाती हवा होता. १३२७ मध्ये ते मठात घुसले, लुटालूट केली, सनदा आणि कागदपत्रे पळवली. पुढे तर मठाधिपतीलाच पळवून समुद्रापलीकडे ब्राबंटला (आजच्या बेल्जियमच्या भागात) नेले. मोडलेला दरवाजा मठाने नव्याने बांधला तो आजही उभा आहे. त्यावरच्या कोनाड्यांत पूर्वी मूर्ती होत्या आणि त्यांच्या मागे बाण मारण्यासाठी फटी ठेवल्या होत्या. १३८१ च्या शेतकरी उठावात मठाचा प्रमुख भिक्षू जॉन ऑफ केंब्रिज आणि सरन्यायाधीश जॉन कॅव्हेंडिश यांची डोकी कापून बाजारात टांगली गेली. दोन्ही वेळा बंड मोडले आणि बाजार मठाकडेच राहिला.

तो सुटला तो आठव्या हेन्रीमुळे. नोव्हेंबर १५३९ मध्ये मठ राजाच्या स्वाधीन झाला, छपरावरचे शिसे उतरवले गेले, आणि गावाला जणू दगडाची खाण मिळाली. नगरपालिकेची सनद मिळायला मात्र १६०६ उजाडले.

आज बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. कॉर्नहिल, बटरमार्केट, स्किनर स्ट्रीट ही नावे धान्याची, लोण्याची, कातड्याची आठवण धरून आहेत. बाजारालगतच सुमारे ११८० ची मॉइझेस हॉल ही दगडी इमारत आहे, तिथले संग्रहालय जरूर बघा. मग चर्चगेट स्ट्रीटने सरळ उतरत नॉर्मन टॉवर या मठाच्या जुन्या प्रवेश-मनोऱ्यापाशी या आणि पलीकडे जा. मठाच्या मंदिराची पश्चिमेकडची प्रचंड भिंत समोर येईल. जिथे कमानी आणि दारे होती तिथे लोकांनी घरे बांधली आहेत, खिडक्यांना पडदे आहेत, आणि त्यांत अजूनही माणसे राहतात.