'स्मोक' लावलं की सर्व्हरचा पत्ताच गायब होतो

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला टेस्टिंगमध्ये आहे, जावा, मेवन ३ (बिल्ड करायचं टूल) आणि जेयुनिट ५ (टेस्ट लिहायची लायब्ररी). आमच्या पॉम फाइलमध्ये, म्हणजे मेवनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 'क्यूए' नावाचं प्रोफाइल (सेटिंग्जचा संच) ॲक्टिव्ह बाय डिफॉल्ट, म्हणजे न सांगता आपोआप चालू, आहे, सर्व्हरचा पत्ता, ब्राउझर, टाइमआउट सगळं त्यातच. परवा मी 'स्मोक' नावाचं दुसरं बनवलं, त्यात फक्त टॅग, म्हणजे कुठल्या टेस्ट चालवायच्या ती खूण, टाकला. आता नुसतं चालवलं तर सगळं नीट चालतं, पण मायनस पी स्मोक (मायनस पी म्हणजे प्रोफाइल निवडायचा पर्याय) दिलं की सर्व्हरचा पत्ता रिकामा येतो आणि एकूणएक टेस्ट पडते. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने येताना रोज तेच डोक्यात असतं. काय चुकतंय?

उत्तर : टॅग बरोबरच आहे हो तुमचा. मेवनचा नियमच असाय की त्याच पॉममधलं दुसरं कुठलंही प्रोफाइल चालू झालं की ॲक्टिव्ह बाय डिफॉल्टवालं आपोआप बंद पडतं, म्हणजे 'स्मोक' हे 'क्यूए'च्या जोडीला येत नाही, त्याच्या जागी येतं. आजचं काम भागवायला मायनस पी नंतर क्यूए, स्वल्पविराम, स्मोक असं मधे जागा न सोडता द्या, चालेल. पण हे टीममधल्या प्रत्येकाच्या रोज लक्षात राहणारे का? त्यापेक्षा नेहमीच्या व्हॅल्यू पॉमच्या मुख्य प्रॉपर्टीजमध्ये नेऊन ठेवा, प्रोफाइलमध्ये फक्त जे बदलतं तेवढंच लिहा आणि ते ॲक्टिव्ह बाय डिफॉल्ट काढूनच टाका, मला ते कधीच पटलेलं नाही.

अजून एक, कुठे चालवायचं आणि काय चालवायचं ही प्रोफाइलं वेगवेगळी ठेवा. तीन सर्व्हर नि चार प्रकारचे सेट एकत्र बांधत बसलात तर बारा प्रोफाइलं होतील, वेगळे ठेवले तर सातात काम होतं. टॅगसाठी शुअरफायर या मेवनच्या टेस्ट चालवणाऱ्या प्लगिनची ग्रुप्स ही प्रॉपर्टी आहेच, ती प्रोफाइलमध्ये लिहिली की झालं. पासवर्ड मात्र पॉममध्ये नको, तो मशीनवर वेगळा ठेवलेल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनच घ्या.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगते. प्रोफाइलच्या नावात एक अक्षर चुकलं तरी मेवन ३ थांबत नाही, असं प्रोफाइल नाही अशी एक वॉर्निंग देतं आणि पुढे जातं. म्हणजे तुम्ही यूएटी (युजरच्या चाचणीचा सर्व्हर) समजून बसलेल्या, टेस्ट मात्र क्यूएवर चालल्या, बिल्ड हिरवं, म्हणजे यशस्वी, आणि रिपोर्ट गेला यूएटीच्या नावाने. माझ्या हातून असा रिपोर्ट गेलाय एकदा, रिलीज झाल्यावर कळलं, फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून मी रन सुरू होतानाच सर्व्हरचा पत्ता लॉगमध्ये छापते, आणि पत्ता रिकामा असेल तर तिथेच रन पाडते. टॅगचं स्पेलिंग चुकलं तर शून्य टेस्ट चालूनही बिल्ड हिरवं दिसू शकतं, त्यामुळे नुसता रंग बघू नका, किती टेस्ट चालल्या तो आकडा बघा. आणि कुठलं प्रोफाइल खरंच चालू आहे याची शंका आली तर हेल्प कोलन ॲक्टिव्ह-प्रोफाइल्स ही कमांड तोच मायनस पी लावून चालवा, लगेच यादी दिसते.