वाचक विचारतात : मांडव्याचे दोन विजय

जुन्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्यांवर प्रश्न पाठवा असं आम्ही सुचवलं होतं. बरीचशी पत्रं एकाच जोडीवर आली: १९९० चा ‘अग्निपथ’ आणि २०१२ चा ‘अग्निपथ’. किनारपट्टीच्या वाचकांकडून हे अपेक्षितच होतं, कारण नायकाचं गाव आपल्याकडचं.

अलिबागहून : चित्रपटातला मांडवा आमचाच ना? मग नव्या चित्रपटात तो ओळखू का येत नाही?

नाव तुमचंच. जुन्या चित्रपटात विजय दीनानाथ चौहान स्वतःची ओळख करून देताना आईवडिलांच्या पाठोपाठ गावाचं नाव सांगतो, आणि त्या एका वाक्याने मांडवा देशभर पोचला. नव्यात मात्र मांडवा हे बेट करून टाकलंय आणि चित्रीकरण झालंय दीवला. तो किनारा चुनखडीचा. आपल्याकडे जांभा नाहीतर काळा कातळ, मागे माडाच्या बागा. तेव्हा तुमचे डोळे बरोबरच सांगतायत.

खरा मांडवा बेट नाही, मुख्य भूमीवरच आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने तासाभरात पोचता येतं. रस्त्याने खाडीला वळसा घालून शंभर किलोमीटरच्या वर जावं लागतं. नव्या कथेला पोचायला अवघड असा किल्ला हवा होता, म्हणून बेट आलं. त्यात एक गोष्ट हातची गेली. जुन्यात मांडवा मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर, जवळ असून परत जाता येत नाही असं गाव होतं. नव्यात ते राक्षसाचं ठाणं झालं.

रत्नागिरीहून : आमच्या घरात दोन तट आहेत. वडील म्हणतात जुना, मुलगा म्हणतो नवा. निवाडा कसा करायचा?

अमिताभ थोर की हृतिक, इथून सुरुवात केलीत तर निवाडा होणारच नाही. आधी कथेत काय काढलं, काय घातलं ते कागदावर मांडा आणि प्रत्येक बदलाचा पुढे काय परिणाम झाला ते पाहा.

सगळ्यात मोठी वजाबाकी म्हणजे कृष्णन अय्यर. जखमी विजयला वाचवणारा हा शहाळीवाला मिथुन चक्रवर्तीने केला आणि सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळवलं. त्याचं काम केवळ हसवण्याचं नाही. विजयच्या बहिणीचा, शिक्षाचा, तो आधी राखणदार होतो आणि मग प्रियकर. त्यामुळे विजयने उभ्या केलेल्या जगात एक साधा, कष्टाचं खाणारा माणूस सतत समोर राहतो, आणि विजय काय होऊ शकला असता ते न सांगता कळतं. नव्यात तो नाही. म्हणून नवा चित्रपट जास्त काळोखा, जास्त एकसुरी वाटतो.

त्या जागी आला रौफ लाला. ऋषी कपूरने मुली विकणारा हा माणूस असा केलाय की पडद्यावर आला की अंगावर काटा येतो. पण त्याचं खरं महत्त्व कथेच्या बांधणीत आहे. जुना विजय स्वतःचं साम्राज्य उभारतो. नवा विजय लालाच्या पदरी राहून मुख्य खलनायक कांचापर्यंत वाट काढतो आणि शेवटी मुंबईच्या बदल्यात मांडवा मागतो. म्हणजे जुना माणूस सत्तेत अडकत जातो, नवा मात्र पहिल्यापासून एका बेतावर चाललाय. हृतिक कमी बोलतो याचं कारण हेच. बेत असलेला माणूस तोंड उघडत नाही. अमिताभच्या विजयला बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण त्याला स्वतःचीच खात्री पटवायची असते.

कांचाचंही तसंच. डॅनीचा कांचा चष्मा लावलेला, सुटाबुटातला, सौदा करणारा. त्याच्याशी विजयचा सामना शब्दांचा असतो. संजय दत्तचा कांचा टक्कल केलेला, भुवयाही नाहीत, आरशाचा तिरस्कार करणारा आणि तोंडी गीतेतली वचनं. हा थेट दशावतारातला संकासुर. त्याच्याशी वाद घालायचा नसतो, त्याचा वधच करायचा. म्हणून ज्या वडावर विजयच्या वडिलांना, मास्तरांना, फाशी दिलं त्याच वडावर त्याचा शेवट होतो. हिशेब चोख, पण जुन्यातली धग त्यात नाही असं आमचं मत.

आईच्या बाबतीत आम्ही निःसंशय तुमच्या वडिलांच्या बाजूचे. रोहिणी हट्टंगडी अमिताभपेक्षा आठ वर्षांहून अधिक लहान, तरी ती आई एकदाही खोटी वाटत नाही. मुलाला न स्वीकारण्याचा तिचा हट्ट हाच जुन्या चित्रपटाचा कणा आहे. नव्यात झरीना वहाब चांगल्या आहेत, पण त्यांच्या वाट्याला प्रसंगच थोडे. उलट बालपणाचा भाग तुमच्या मुलाने जिंकला. विजयच्या वडिलांवर खोटा आळ घेऊन त्यांना मारलं जातं ते नव्यात सविस्तर, पोराच्या डोळ्यांतून दिसतं, आणि पुढचा सूड पटतो. जुना मध्यंतरानंतर गाण्यांत रेंगाळतो, हेही तुमच्या वडिलांना सांगा.

दापोलीहून : माझ्याकडची जुन्या चित्रपटाची प्रत सात मिनिटांनी छोटी आहे आणि अमिताभचा आवाजही वेगळा वाटतो. कापाकापी झालीय का?

तसंच असेल असं नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत २५ चित्रांची. त्या पद्धतीने बनवलेल्या प्रतीत सगळंच साधारण चार टक्के वेगाने पळतं. तीन तासांचा चित्रपट १७२ मिनिटं ४८ सेकंदांत संपतो, म्हणजे सात मिनिटं गेली आणि एकही प्रसंग गेला नाही. आवाजाची पट्टी मुद्दाम खाली आणली नसेल तर तोही थोडा चढा लागतो.

खात्री अशी करा. एक गाणं निवडा, दोन्ही प्रतींत त्याची वेळ मोजा. पाच मिनिटांचं गाणं १२ सेकंदांनी कमी भरलं तर तो वेगाचा फरक. गाणं सारखंच भरलं आणि एकूण वेळ कमी, तर कात्री लागलीय.

या चित्रपटात पट्टीला फार महत्त्व आहे. अमिताभने विजयसाठी आवाज मुद्दाम घोगरा, खोल लावला होता, आणि तेव्हा प्रेक्षकांनी शब्द कळत नाहीत म्हणून तक्रार केली होती. त्याच भूमिकेला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर शब्द गुरगुरत असतील तर ‘बास’ कमी करा. नुसता आवाज वाढवून उपयोग नाही.

वेंगुर्ल्याहून : ‘चिकनी चमेली’ ही आमच्या ‘कोंबडी पळाली’ची चोरी नाही का?

नाही. २००६ च्या ‘जत्रा’चं संगीत अजय-अतुलचं आणि २०१२ च्या ‘अग्निपथ’चंही त्यांचंच. चाल त्यांची, त्यांनीच पुन्हा वापरली. मराठीत आनंद शिंदे आणि वैशाली सामंत, हिंदीत श्रेया घोषाल. मराठीत ती दोघांची चेष्टामस्करी आहे. हिंदीत एकटीचा नाच झाला आणि मिश्कीलपणा गेला. गणपतीचं गाणं मात्र दोन्ही चित्रपटांत आहे: लक्ष्मीकांत-प्यारेलालचं ‘गणपती अपने गाँव चले’ आणि अजय गोगावलेंनी गायलेलं ‘देवा श्री गणेशा’. ही दोन लागोपाठ ऐका, २२ वर्षांत ढोल किती पुढे आला ते कळेल.

मालवणहून : मंडळातर्फे दोन्ही चित्रपट पटांगणात दाखवायचे आहेत. काय काळजी घ्यावी?

आधी परवानगी. मोबाइलवरची वर्गणी घरी पाहण्यापुरतीच असते. जाहीर खेळासाठी हक्कधारकाकडून लेखी परवाना लागतो. दोन्ही चित्रपट धर्मा प्रॉडक्शन्सचेच, त्यामुळे चौकशीची सुरुवात एकाच दारी करता येईल.

दोन्ही जवळजवळ तीन-तीन तासांचे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि काळोख पडल्याशिवाय चित्र उमटत नाही. म्हणजे पटांगणात एका रात्री एक चित्रपटही धड बसत नाही. शाळेचा किंवा देवळाचा सभामंडप मिळाला तर खिडक्या झाकून दुपारी तीनला सुरू करा, दोन दिवस, आधी जुना. बाहेरच दाखवायचं तर निवडक प्रसंग घ्या: वडिलांचा मृत्यू, कांचाशी पहिली भेट, आईच्या मांडीवरचा शेवट. जुन्यातला प्रसंग झाला की लगेच नव्यातला.

कापडी पडदा खाऱ्या वाऱ्याने शिडासारखा फुगतो आणि चेहरे वाकडे दिसतात. चुना मारलेली भिंत बरी. तिचा तोंडवळा पूर्वेला असू द्या, नाहीतर मावळतीचा उजेड चित्र धुऊन टाकतो. नव्यात हिंसा बरीच आहे, लहान मुलांना पुढे बसवू नका.

गुहागरहून : आणखी एखादी जोडी सुचवा.

‘डॉन’. चंद्रा बारोट यांचा १९७८ चा आणि फरहान अख्तरचा २००६ चा. आधी जुनाच पाहा. नव्याचा शेवट जुना पाठ असलेल्या प्रेक्षकाला फसवण्यासाठीच लिहिलाय; क्रम उलटा केलात तर ती गंमत हुकेल.