सायकलच्या धंद्यात सेल्सची नोकरी कशी मिळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.कॉम. झालंय, वय २५, पुण्यात मोबाइलच्या दुकानात दोन वर्षं काउंटरवर काम केलंय, दर रविवारी सायकलने सिंहगड करता. आता सायकलच्याच क्षेत्रात सेल्सची नोकरी हवी आहे, पण जॉब पोर्टलवर जाहिराती दिसत नाहीत.

नाहीच दिसणार. यातल्या बऱ्याच जागा जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत. दुकानदाराला माणूस हवा असला की तो कंपनीच्या रेपला, म्हणजे दुकानोदुकानी फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधीला, म्हणतो, "कुणी पोरगा असेल तर बघा हो." रेप पुढच्या चार दुकानांत तेच बोलतो आणि आठवड्याभरात माणूस मिळतो. मी चार वर्षं दुकानात काढली, नंतर सात वर्षं एका कंपनीसाठी सांगली-सातारा-कोल्हापूर फिरलो, आणि दोन्ही नोकऱ्या अशाच तोंडी मिळाल्या.

एक गोष्ट आधीच सांगतो, राग मानू नका. मुलाखतीत सिंहगडाचं कौतुक होईल, पण भाव मिळेल तो मोबाइलच्या दोन वर्षांना. सायकलवेडी पोरं दुकानदाराकडे रोज येतात. ती गिऱ्हाइकाला स्वतःला आवडणारी सायकल विकायला जातात. समोरच्याला सोसायटीतून भाजी आणायला सायकल हवी असते आणि हे त्याला कार्बन फ्रेम किती हलकी ते सांगत बसतात.

काउंटरवरचं काम कसं असतं ते एका गिऱ्हाइकावरून सांगतो. जूनचा पहिला शनिवार, शाळा सुरू व्हायच्या आधीचा. वडील आणि सातेक वर्षांची मुलगी. वडिलांनी थेट २४ इंचीकडे बोट केलं, "ही द्या, वाढत्या अंगाची होईल." फ्रॉक घेतल्यासारखी! सीट पार खाली करून मुलीला बसवलं तरी तिचे अंगठेच कसेबसे टेकत होते. ती हँडल घट्ट धरून गप्प बसली होती. अशा वेळी बापाशी वाद घालायचा नसतो. मी २० इंची काढली, हवा बघितली आणि तिला दुकानासमोर एक फेरी मारायला सांगितली. दुसऱ्या फेरीला तिने घंटी वाजवली. वडील काही बोलले नाहीत, पाकीट काढलं. वर हेल्मेट आणि कुलूपही गेलं. हे लक्षात ठेवा, कारण नुसत्या सायकलीवर दुकानदाराला फार सुटत नाही. हेल्मेट, लाइट, कुलूप, पंप यांवर टक्केवारी बरी असते. मोबाइलच्या कव्हरचं गणित तुम्हाला माहीत आहेच.

त्याआधी हात काळे करा. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचं चाक, पेडल, ब्रेक हे सगळं दुकानात बसवावं लागतं, आणि लहान दुकानात सेल्समन-फिटर असा भेद नसतो. पहिल्याच आठवड्यात मी डावं पेडल उजव्यासारखं पिळून नव्या कोऱ्या सायकलच्या क्रँकचे (पेडल ज्या दांडीत बसतं तिचे) आटे घालवले होते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे महिनाभर संध्याकाळी बसा. पंक्चर, ब्रेक, गिअर लावणं आणि चाकाचा आउट (डगमग) काढणं एवढं जमलं तरी पुष्कळ.

कंपनीची नोकरी हवी असेल तर ते वेगळंच प्रकरण आहे. लुधियानाच्या हीरो आणि एव्हॉन, चेन्नईची टीआय (बीएसए, हर्क्युलिस तिच्याच), २०१५ पासून हीरोकडे असलेली फायरफॉक्स, यांची माणसं जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरतात. नाव सेल्सचं, पण निम्मा वेळ वसुलीत जातो. डीलर चहा पाजतो, घरच्यांची विचारपूस करतो, फक्त चेकबुक काढत नाही. महिनाअखेरीस वरून टार्गेटचे फोन, आणि डीलरच्या गोडाऊनमध्ये मागचाच माल पडलेला. २०२० मध्ये लॉकडाऊननंतर सायकली मिळेनात, तेव्हा हेच डीलर आम्हाला पहाटे फोन करायचे. दोन वर्षांत उलटं झालं, आम्ही फोन करायचो आणि ते उचलत नव्हते. २०२५ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्के होणार असं कळल्यावर २२ सप्टेंबर उजाडेपर्यंत कुणी ऑर्डरच देईना. नव्या माणसाने एकदम इथे येऊ नये असं माझं मत आहे. दोन वर्षं दुकानात काढलेल्या रेपला डीलर लगेच ओळखतो आणि जरा बरा वागवतो.

डेकॅथलॉन या खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानांचाही पर्याय आहे. तिथे खेळणारी पोरं त्यांना हवीच असतात, पगार वेळेवर होतो, शिस्त शिकायला मिळते. ई-सायकलमध्येही बघा, ईमोटोरॅड तर पुण्याचीच कंपनी. तिथे गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "लायसन्स लागतं का?" मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर लागत नाही, हे तोंडपाठ हवं. सरकारी टेंडरचा धंदाही मोठा आहे (मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात तो त्यातलाच), पण ते कागदपत्रांचं काम, त्यात सध्या पडू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचं? तुमच्या भागातली पाच-सहा दुकानं निवडा. मधल्या वारी दुपारी जा, रविवारी संध्याकाळी मुळीच नको. बायोडेटा एका पानाचा असू द्या आणि महिन्याला किती मोबाइल विकायचात तो आकडा वरच लिहा. मालक बहुधा एखाद्या सायकलीकडे बोट दाखवून म्हणेल, "ही मला विका." तेव्हा माहिती सांगायला सुरुवात करू नका. कोण चालवणार, कुठे चालवणार, उंची किती, हे आधी विचारा. पगार सुरुवातीला मोबाइलच्या दुकानापेक्षा कमी सांगतील. इन्सेन्टिव्ह कशावर आणि कधी मिळणार ते मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्या. मी घेतलं नव्हतं, आणि एक दिवाळी तशीच गेली.

मार्चअखेर ते एप्रिल ही योग्य वेळ. मे-जूनच्या गर्दीसाठी माणसं तेव्हाच घेतात. पावसाळ्यात गेलात तर मालक स्वतःच माशा मारत बसलेला असेल. आणि हो, रविवारचा सिंहगड आता विसरा. रविवारी दुकान उघडं असतं. सुट्टी मधल्या वारी मिळते, तेव्हा जा, गर्दीही कमी असते.